लॉजमध्ये गेस्ट म्हणून जाताय, किंवा कुणाला घेऊन जाताय? मग हे नियम माहीत असू द्या

अमेरिकेत राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने एल्क्स, मूस, ईगल्स नाहीतर मेसॉनिक लॉज अशी पाटी कुठेतरी पाहिलेली असते. या मुक्कामाच्या लॉज नाहीत, जुन्या बंधुसंघटनांच्या स्थानिक शाखा आहेत. आत बार असतो, डायनिंग रूम असते, हॉल असतो, पण दार बंद आणि बाजूला बझर, त्यामुळे ऑफिसातला कुणी म्हणाला की शुक्रवारी आमच्या लॉजवर ये जेवायला, की आपल्याला कळत नाही नक्की काय करायचं, कार्ड लागतं का, पैसे आपण द्यायचे का, बायकोमुलं चालतात का. आणि नवीन मेंबर झालेल्यांचाही तेवढाच गोंधळ असतो, कारण फॉर्म भरताना हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

एक गोष्ट पक्की धरा, बाकी सगळे नियम त्यातूनच येतात. गेस्टला आत घेतो तो एक ठराविक मेंबर, आणि आत असेपर्यंत गेस्टची जबाबदारी त्याच्यावर असते. रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे त्याने सही केली म्हणजे तो तुमचा जामीन राहिला. तुम्ही भांडलात, बिल थकवलंत, नको तिथे शिरलात, तर कमिटीपुढे त्याला उभं राहावं लागतं आणि त्याची मेंबरशिपही अडचणीत येऊ शकते.

आता लॉजची बिल्डिंग समजून घ्या कारण सगळीकडे सारखा नियम नसतो. एक असते मीटिंगची खोली, लॉज रूम, तिथे मीटिंग आणि विधी चालू असताना फक्त मेंबर, गेस्टचा प्रश्नच नाही. दुसरा भाग म्हणजे सोशल क्वार्टर्स, म्हणजे बार, पूल टेबल, टीव्ही वगैरे, इथे मेंबर आणि त्यांनी सही करून आणलेले गेस्ट. तिसरा भाग बँक्वेट हॉल, जो बऱ्याच लॉज लग्नांना, वाढदिवसांना, मंडळांच्या कार्यक्रमांना भाड्याने देतात. इथेच जास्त घोळ होतो. हॉल भाड्याने घेतला म्हणजे पलीकडचा मेंबरांचा बार आपल्याला मोकळा झाला असं नाही, तुमच्या कार्यक्रमाची दारूची व्यवस्था वेगळी असते आणि तिचे नियम कराराच्या कागदात लिहिलेले असतात. कार्यक्रम ठरवताना आयोजकाने हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर मध्यंतरात दहाबारा जण बारवर जाऊन उभे राहतात आणि बारटेंडर बिचारा प्रत्येकाला परत पाठवत बसतो.

काही प्रसंग मात्र सगळ्यांसाठी खुले असतात. एल्क्स लॉजमध्ये डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दिवंगत मेंबरांसाठी मेमोरियल सर्व्हिस होते, तिथे कुटुंबीय आणि बाहेरचे लोक येऊ शकतात, १४ जूनचा फ्लॅग डे पण तसाच. लॉज आतून कशी असते ते बघायचं असेल आणि ओळखीचं कुणी मेंबर नसेल तर असा दिवस सगळ्यात चांगला.

गेस्ट म्हणून जाणार असाल तर

तुमचा होस्ट यायच्या आधी पोचू नका, पोचलातच तर बाहेर थांबा. बझर दाबून "अमक्याने बोलावलंय" म्हटलं तरी आत घेतीलच असं नाही आणि घेतलं नाही तर बारटेंडरवर चिडायचं काही कारण नाही, तो नियम पाळतोय. होस्ट आला की त्याच्याबरोबर आत जायचं, दाराशी किंवा बारच्या टोकाला रजिस्टर असतं त्यात तुमचं नाव, कुठून आलात, तारीख, आणि होस्टचं नाव किंवा मेंबर नंबर लिहायचा. फोटो आयडी जवळ ठेवा. अमेरिकेत दारू पिण्याचं वय २१ आहे, आणि मुलांना बारच्या भागात बसू द्यायचं की नाही हे राज्याच्या कायद्यावर आणि लॉजच्या हाउस रूल्सवर ठरतं, म्हणून मुलं नेणार असाल तर होस्टला आधी फोनवर विचारा, दारात नको.

पैशाचं आपल्याला फार अवघड जातं. आपल्याकडे बिल कोण देणार यावर ओढाताण करणं म्हणजे प्रेमच समजतात, पण इथे ते खरोखर करायचं नाही. बऱ्याच लॉजमध्ये गेस्टने बारवर स्वतः काही विकत घेणं चालत नाही, मेंबरनेच ऑर्डर द्यायची आणि मेंबरनेच पैसे भरायचे. का ते खाली सांगतो. तुम्हाला परतफेड करायची असेल तर नंतर बाहेर जेवायला न्या, घरी बोलवा, पण बारवर कार्ड पुढे करून बारटेंडरला पेचात टाकू नका. रॅफल किंवा बिंगोचं तिकीट घेण्याआधीही विचारा, जुगाराचे नियम दारूपेक्षा वेगळे असतात आणि राज्याराज्यात बदलतात.

होस्ट निघाला की तुम्हीही निघायचं. "तुम्ही व्हा पुढे, मी मॅच संपली की येतो" हे इथे चालत नाही.

आत असताना एखादी गोष्ट अचानक घडते आणि नवख्या माणसाला कळत नाही काय चाललंय. एल्क्स लॉजमध्ये रात्री ११ वाजता घंटेचे ठोके होतात, सगळे गप्प होतात आणि जे आज हजर नाहीत, गेलेले किंवा दूर असलेले, त्या मेंबरांसाठी टोस्ट होतो. मूस लॉजमध्ये रात्री ९ वाजता मेंबर इलिनॉयमधल्या मूसहार्टच्या दिशेने तोंड करून, हात छातीवर दुमडून, मान झुकवून मुलांसाठी प्रार्थना करतात, मूसहार्ट म्हणजे १९१३ साली संघटनेने सुरू केलेलं मुलांचं गाव, आजही चालू आहे. तुम्हाला यातलं काही म्हणायची गरज नाही. टोपी काढा, फोन खाली ठेवा, बोलणं थांबवा. मला स्वतःला लॉजमधला सगळ्यात सुंदर क्षण हाच वाटतो, आणि त्यावेळी मागे कुणी व्हिडिओ काढत हसत असलं की फार वाईट दिसतं. फोटोचं एकंदरीतच विचारून करा, इतर मेंबरांचे चेहरे येतात आणि ती त्यांची खासगी जागा आहे.

मेंबर असाल तर

कार्ड चालू वर्षाचं आहे का ते आधी बघा. एल्क्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, त्यामुळे एप्रिलमध्ये दुसऱ्या गावच्या लॉजवर गेलात आणि खिशात जुनं कार्ड असेल तर अडवतील, आणि बरोबरच अडवतील. चालू कार्ड असेल तर देशातल्या कुठल्याही एल्क्स लॉजचं दार तुम्हाला उघडतं, काही ठिकाणी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, लावायलाही जागा असते, प्रवास करणाऱ्यांसाठी हे मोठं सुख आहे. पण तुम्ही तिथे पाहुणे मेंबर असता, घरच्या लॉजमध्ये जे चालतं ते तिथे चालेलच असं नाही. गेस्ट किती आणता येतात, तोच गेस्ट कितीदा आणता येतो, रविवारी काय, हे सगळं त्या त्या लॉजचे हाउस रूल्स ठरवतात आणि ते सहसा भिंतीवर लावलेले असतात. दोन मिनिटं उभं राहून वाचा.

तोच मित्र दर आठवड्याला गेस्ट म्हणून येत असेल तर कुणीतरी येऊन विचारणारच की हा अर्ज का करत नाही. हा टोमणा समजू नका. वर्गणी न भरता मेंबरसारखं वागणं बाकीच्यांवर अन्याय आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी एका गेस्टच्या खेपांवर मर्यादा घातलेली असते. आणि कुणाला आणायचं नाही हेही माहीत असू द्या, निलंबित झालेला किंवा काढून टाकलेला माणूस गेस्ट म्हणून मागच्या दाराने आणणं बहुतेक लॉजमध्ये सरळ नियमभंग धरतात, काही ठिकाणी अर्ज नामंजूर झालेल्यालाही हे लागू असतं. शंका असेल तर सेक्रेटरीला विचारा, त्याच्याकडे नोंदी असतात.

ओळख नसलेल्या माणसासाठी सही करू नका. दारात उभा असलेला कुणी गोड बोलून म्हणेल जरा सही कर ना, माझा मित्र आत आहे. त्याचा मित्र आत असेल तर तो बाहेर येऊन सही करेल.

हे नियम इतके कडक का

लोकांना वाटतं हा तोरा आहे. खरं कारण लायसन्स आणि टॅक्समध्ये आहे. अनेक राज्यांत क्लबचं दारूचं लायसन्स हे उघड्या बारच्या लायसन्सपेक्षा वेगळं असतं, ते मेंबर आणि त्यांच्या गेस्टपुरतंच असतं, तपासणीला आलेला माणूस रजिस्टर मागतो आणि बारवर बसलेल्यांची नावं त्यात नसतील तर लायसन्सवर गदा येते. टॅक्सचं असं की लॉज सहसा अमेरिकेच्या कर कायद्यातल्या ५०१ सी ८ किंवा सी १० या कलमाखाली करमुक्त असते, आठमध्ये मेंबरांना विमा किंवा तशा लाभांची सोय असते, दहामध्ये नसते. मेंबर आणि त्याच्या खऱ्या गेस्टकडून आलेला पैसा ठीक, पण रस्त्यावरच्या कुणालाही जेवण-दारू विकायला लागलात तर ते उत्पन्न वेगळं मोजतात, असं ढोबळ उत्पन्न वर्षाला १००० डॉलर किंवा जास्त झालं की ९९०-टी हा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि हेच मुख्य काम होऊन बसलं तर करमुक्त दर्जावरच प्रश्न येतो. म्हणून गेस्टचे पैसे मेंबरने द्यायचे. सोशल क्लबांसाठी आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, १९७१ ची एक पद्धत आहे, ग्रुप आठ किंवा कमी माणसांचा असेल, त्यात निदान एक मेंबर असेल आणि पैसे मेंबरने किंवा त्याच्या कंपनीने थेट दिले असतील तर बाकीच्यांना त्याचे गेस्ट धरून चालतात. लॉजचं कलम वेगळं असलं तरी हिशेब ठेवणाऱ्याला त्यातून अंदाज येतो की कुठल्या नोंदी ठेवायच्या. तुम्ही ट्रस्टी किंवा सेक्रेटरी असाल तर रजिस्टर बारमागच्या धुळीत पडू देऊ नका, महिन्याच्या महिन्याला बघा.

गंमत म्हणजे एल्क्सचा जन्मच अशा दाराआडच्या बैठकीतून झालाय. न्यूयॉर्कमध्ये रविवारी दारूविक्रीवर बंदी होती, तेव्हा नाटक-गाण्यातली काही मंडळी आपापसात एकत्र बसायला लागली, स्वतःला जॉली कॉर्क्स म्हणायची, त्यातूनच १८६८ साली ही संघटना उभी राहिली.

पण खासगीपणाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गमध्ये मूस लॉज नंबर १०७ मध्ये के. लिरॉय अर्व्हिस हे एका गोऱ्या मेंबरचे गेस्ट म्हणून गेले, ते राज्याच्या विधानसभेचे सदस्य होते, तरी केवळ कृष्णवर्णीय म्हणून त्यांना वाढायला नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७२ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ असं ठरवलं की राज्याने दारूचं लायसन्स दिलं एवढ्यावरून लॉजचा भेदभाव सरकारचा ठरत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातही खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या क्लबांना सूट आहे. अर्व्हिस पुढे १९७७ मध्ये त्याच सभागृहाचे स्पीकर झाले. एल्क्सने वर्णाची अट १९७३ मध्ये काढली, स्त्रियांना मेंबर करून घ्यायला १९९५ उजाडलं. ज्या लॉजमध्ये आज आपण आरामात सही करून आत जातो तिथली दारं कुणासाठी किती वर्षं बंद होती हे मेंबरांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं. गेस्टचा नियम सगळ्यांना सारखा लावा, कुणाचा चेहरा बघून सैल किंवा घट्ट करू नका, आणि कमिटीत असाल तर हे तोंडाने बोला.

मेसॉनिक लॉजचं थोडं वेगळं

इथे बारपेक्षा मीटिंग महत्त्वाची, आणि मीटिंगच्या दाराबाहेर टायलर नावाचा अधिकारी असतो, त्याचं कामच बाहेरच्यांना रोखणं. मेसन (म्हणजे या संघटनेचा मेंबर) नसलेला माणूस चालू मीटिंगमध्ये जाऊच शकत नाही, मित्र कितीही जवळचा असो. दुसऱ्या लॉजचा मेसनही नुसता कार्ड दाखवून बसत नाही, चालू वर्षाचं ड्यूज कार्ड, म्हणजे वर्गणी भरल्याचं कार्ड, लागतं, त्याची ग्रँड लॉज (त्या भागातल्या लॉजची वरची संस्था) इथल्या ग्रँड लॉजला मान्य असावी लागते, आणि "मी याच्याबरोबर लॉजमध्ये बसलोय" असं सांगणारा कुणी नसेल तर बाजूच्या खोलीत त्याची परीक्षा घेतात. मेसनांमध्ये डिग्री म्हणजे मेंबरशिपच्या पायऱ्या, आणि पहिल्या डिग्रीचा माणूस दुसऱ्या डिग्रीच्या कामाला बसू शकत नाही. भारतात मेसन झालेल्यांनी अमेरिकेत भेट द्यायची असेल तर आपल्या ग्रँड लॉजच्या सेक्रेटरीमार्फत आधी पत्रव्यवहार करावा, थेट दारात उभं राहू नये. जेवणं, फॅमिली नाइट, ओपन हाउस अशा वेळी मात्र घरचे आणि मित्र येऊ शकतात.

गेस्ट म्हणून गेलात, आवडलं, आणि मेंबर व्हावंसं वाटलं तर अटी आधी बघा. एल्क्ससाठी वय २१, देवावर विश्वास, एखाद्या मेंबरची शिफारस, आणि अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, म्हणजे एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर सध्या गेस्टच. मेसनांमध्ये परमशक्तीवर श्रद्धा हवी, कुठल्या धर्माची ते विचारत नाहीत, शपथ गीतेवरही घेता येते. तुमच्यासाठी ज्याने आजवर सह्या केल्या त्यालाच आधी विचारा, शिफारशीचा फॉर्म बहुतेक वेळा सेक्रेटरीच्या खोलीत मिळतो.