चार देशांचा पैसा एका गावात नेताना

रुमानिया आणि युक्रेनच्या मधल्या मोल्दोव्हा देशात, उंगेनी शहराजवळच्या एका गावी कचेरीतल्या सचिवबाईंनी माझ्यासमोर लोखंडी कपाट उघडलं. आत कापडी पिशव्यांची चळत, प्रत्येकीवर वेगळ्या देशाचा झेंडा. ‘पारदर्शक अंदाजपत्रक’ या एकाच विषयावर बाईंनी दोन महिन्यांत तीन प्रशिक्षणं केली होती, तीन वेगवेगळ्या देणगीदारांच्या पैशातून. चौथं घेऊन मी गेले होते. आणि गावचं अंदाजपत्रक तोवर कचेरीच्या दारावर एकदाही लागलेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी अर्ज लिहायची पद्धतच बदलली. मी चेक प्रजासत्ताकात ब्रनोला एका छोट्या संस्थेत काम करते. भागीदार संस्थांचे अर्ज आणि हिशेब माझ्याकडे असतात. युरोपात विकासकार्य शिकणारी, अशा नोकरीला नुकतीच लागलेली मराठी मुलं-मुली मला याबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण व्हिशेग्राद निधीचं घेते, कारण तो मला आतून माहीत आहे.

पोलंड, हंगेरी आणि तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया १५ फेब्रुवारी १९९१ रोजी हंगेरीतल्या व्हिशेग्राद गावी एकत्र आले. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश झाले, म्हणून आता चार. २००० साली त्यांनी सामाईक निधी काढला. तोच व्हिशेग्राद निधी. कचेरी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, आणि चारही सरकारं समान वाटा घालतात. यातला काही पैसा पश्चिम बाल्कन आणि मोल्दोव्हासारख्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांसाठी असतो. जर्मनी किंवा स्वीडनपुढे ही रक्कम लहान आहे. पण एकपक्षीय राजवटीतून निवडून आलेल्या ग्रामपरिषदेपर्यंतचा रस्ता या चौघांनी स्वतः चालून पाहिलाय. कुठे ठेच लागते हे सांगू शकणारी माणसं इथे अजून कामावर आहेत. मला हीच या मदतीतली खरी किंमत वाटते.

अर्जाचा फॉर्म उघडायच्या आधी गावात फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: सध्या तुमच्याकडे कोण कोण येतंय? देशाचं नाव, काम, कोणत्या महिन्यात, गावातला कोण माणूस त्यात अडकलाय, असा साधा तक्ता भरा. हे काम दूतावासाच्या यादीवर सोडू नका. यादीत प्रकल्प दिसतो, पण तीनही प्रकल्पांना बसणारी बाई एकच आहे हे दिसत नाही. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणगीदार देशांनी कबूल केलं होतं की मदत घेणाऱ्या देशाच्या योजनेप्रमाणे चालायचं आणि आपापसात मेळ ठेवायचा. गावपातळीवर तो मेळ म्हणजे हा तक्ता. आधीच कोणी तेच करत असेल, तर त्यांना पत्र लिहा आणि उरलेला तुकडा तुम्ही घ्या. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाने मोल्दोव्हातल्या गावच्या पाणीयोजनांसाठी एकत्र काम केलं आहे. दोन देश एका प्रकल्पात आले म्हणून कोणाचा मान कमी झाला नाही.

आता तारखा. इथे नवखे हमखास चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. निधीकडे अर्ज करायच्या मुदती वर्षातून तीन: १ फेब्रुवारी, १ जून, १ ऑक्टोबर. मोल्दोव्हाचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे ऑक्टोबरला अर्ज केलात, तर निकाल लागेपर्यंत गावचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलेलं असतं. मग तुमचा पैसा बाहेरचाच राहतो, पाहुण्यासारखा. जूनला अर्ज करा. निकालाला तीनेक महिने धरा. मग हिवाळ्याच्या तोंडावर परिषद बसते तेव्हा प्रिमार, म्हणजे तिथला निवडून आलेला गावप्रमुख, स्वतःच्या तोंडाने ती रक्कम वाचून दाखवतो आणि लोक त्यावर भांडू शकतात. माझे वडील तासगाव तालुक्यात ग्रामसेवक होते. ग्रामसभेत आकडा मोठ्याने वाचला की मागच्या रांगेतून आवाज येतोच, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तो आवाज यावा, हेच सगळ्या सुधारणेचं काम.

हिशेबाचं थोडक्यात: अर्ज युरोत, पण चौघांपैकी युरो फक्त स्लोव्हाकियात चालतो. चेक क्राउन, झ्लॉटी, फोरिंट आणि मोल्दोव्हाचा लेऊ अशी चार वेगळी चलनं एका तक्त्यात येतात. विनिमय दर कोणत्या दिवसाचा धरायचा, हे करारातच लिहून घ्या. एका भागीदाराशी आम्ही ते तोंडी ठरवलं होतं. शेवटी पावत्या जुळवण्यात तीन आठवडे गेले.

भागीदाराच्या सुरक्षिततेचं मात्र थोडक्यात उरकू नका. २००९ मध्ये प्रागला युरोपीय संघाची ‘पूर्व भागीदारी’, म्हणजे पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी सहकार्याची योजना, सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा शेजारी देश होते: युक्रेन, मोल्दोव्हा, बेलारूस, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान. आज या सहांना एकच अर्ज चालत नाही. बेलारूसने २०२१ मध्ये भागीदारीतला सहभाग थांबवला, आणि त्याच वर्षी तिथल्या शेकडो स्वयंसेवी संस्था बंद पाडल्या गेल्या. जॉर्जियात २०२५ पासून परदेशी अनुदानाला सरकारची आगाऊ परवानगी लागते. तुमचा पैसा घेतल्यामुळे समोरच्या माणसावर खटला भरला जाऊ शकतो का, हे आधी त्याच्याकडूनच समजून घ्या. तो ‘नको’ म्हणाला तर आग्रह करू नका, आणि त्याचं नाव कोणत्याही अहवालात, फोटोखाली घालू नका.

यश मोजायला ‘प्रशिक्षणार्थींची संख्या’ लिहू नका. सचिवबाईंच्या कपाटात ती संख्या भरपूर होती. त्यांच्याबरोबर बसून आम्ही चौथ्या प्रशिक्षणाचा पैसा दुसरीकडे वळवला, अर्थात निधीची लेखी परवानगी घेऊन. अंदाजपत्रकाचं एकच पान केलं, मोठ्या अक्षरात, सोळा ओळी, रुमानियनमध्ये. पाठीमागे तेच रशियनमध्ये, कारण गावातली काही घरं रशियन बोलतात. ते कचेरी, दुकान आणि चर्चच्या फाटकावर लावलं. परिषदेची बैठक संध्याकाळी सहाला ठेवली, द्राक्षमळ्यातली माणसं घरी परतल्यावर.

डोक्याला रुमाल बांधलेल्या एका आजी तो कागद घडी घालून घेऊन आल्या होत्या. त्यांनी नववी ओळ बोटाने दाखवली: रस्त्यावरच्या दिव्यांचा खर्च. दिवे पुलापाशीच का संपतात, पुलापलीकडे आम्ही राहत नाही का? प्रिमारने खांबांचा हिशेब सांगितला. आजींचं समाधान झालं नाही, त्यांनी परत विचारलं. सचिवबाईंनी प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घेतलं, सही-शिक्क्यानिशी. अंतिम अहवालाला आम्ही त्याच पानाची प्रत जोडली.