पेपर क्रोमॅटोग्राफीत ध्रुवीयतेचा परिणाम कसा तपासावा

काळ्या स्केचपेनचा ठिपका, कागदाची पट्टी आणि पाणी हा पेपर क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे कागदावर मिश्रणातले घटक सुटे करण्याचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत पाहिलेला असतो. काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा सुटा होतो. पण ते रंग सुटे का झाले, हे त्यातून कळत नाही, कारण द्रावक एकच असतो. ध्रुवीयतेची, म्हणजे रेणूत विद्युतभार असमान वाटला गेल्याने त्याला आलेल्या धन-ऋण टोकांची करामत पाहायची तर तोच ठिपका वेगवेगळ्या द्रावकांत चालवावा लागतो.

आधी कागदाकडे पाहू. कागद म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि ते हवेतली ओल धरून ठेवतात. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा कागद खरे तर पाण्याचा पातळ थर बाळगून असतो. हा थर झाला स्थिर टप्पा, आणि तो चांगलाच ध्रुवीय. त्यावरून केशाकर्षणाने चढणारा द्रावक हा चल टप्पा. मिश्रणातल्या प्रत्येक घटकाची या दोघांत रस्सीखेच चालते. ज्याला कागदावरची ओल जास्त मानवते तो मागे रेंगाळतो, ज्याला द्रावक मानवतो तो पुढे जातो.

आता तयारी. गाळणकागदाच्या १२ ते १५ सेंमी लांबीच्या सहा पट्ट्या कापा. लिहिण्याचा कागद नको, त्याच्यावरच्या लेपामुळे द्रव नीट चढत नाही. तळापासून २ सेंमीवर पेन्सिलीने रेघ मारा. पेनची शाई स्वतःच वर चढेल, ग्रॅफाइट जागचा हलत नाही. तीन पट्ट्यांवर पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या स्केचपेनचा आणि उरलेल्या तिन्हींवर परमनंट मार्करचा ठिपका द्या. ठिपका २-३ मिमीचाच ठेवा. रंग फिका वाटला तर वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा टेकवा. मोठ्या ओल्या ठिपक्याचे नुसते ओघळ होतात, आणि हा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच.

तीन उंच ग्लासांत सुमारे १ सेंमी उंचीपर्यंत द्रावक घ्या: पहिल्यात पाणी, दुसऱ्यात पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समसमान, तिसऱ्यात नुसते अल्कोहोल. ते पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी. प्रत्येक ग्लासात दोन्ही शाईंची एकेक पट्टी एकमेकींना व काचेला न चिकटता लोंबकळत सोडा. ठिपका द्रवाच्या वरच राहिला पाहिजे. ग्लास झाका, नाहीतर द्रावक वाटेतच उडून जातो. द्रव वरच्या टोकापासून २ सेंमीवर आला की पट्टी काढा आणि तो पोचला तिथे लगेच पेन्सिलीने खूण करा. वाळल्यावर ही सीमा सापडत नाही.

मोजमाप सोपे आहे. रेघेपासून रंगाच्या मध्यापर्यंतचे अंतर भागिले रेघेपासून द्रावकाच्या सीमेपर्यंतचे अंतर, म्हणजे आरएफ मूल्य. द्रावक ९ सेंमी चढला आणि निळा ६.३ सेंमी, तर निळ्याचे मूल्य ०.७.

मार्करची शाई पाण्यात जागची हलत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र झपाट्याने वर जाते. स्केचपेनच्या बाबतीत चित्र साधारण उलटे. तिचे रंग बहुधा विद्युतभारित गट असलेले, म्हणून पाण्याबरोबर भराभर चढतात आणि नुसत्या अल्कोहोलमध्ये तळाशी बसून राहतात. अचूक रंग आणि अंतरे शाईनुसार बदलतील. पण पाहण्यासारखा आहे तो मधला ग्लास. द्रावक फार मानवला तर सगळे रंग एकत्रच वर पोचतात, अजिबात मानवला नाही तर सगळेच खाली राहतात. दोन्हीकडे पृथक्करण शून्य! घटकांमधला फरक उघड होतो तो अधल्यामधल्या ध्रुवीयतेत, म्हणून प्रमाण बदलत ती जागा शोधावी लागते.

प्रयोगशाळा उपलब्ध असेल तर हिरव्या पानाचा अर्क ९ भाग पेट्रोलियम ईथर आणि १ भाग ॲसिटोन यांत चालवा. इथे द्रावक जवळजवळ अध्रुवीय. पानातल्या रंगद्रव्यांपैकी नुसता कार्बन आणि हायड्रोजन असलेले कॅरोटीन सीमेच्या जवळ पोचते, मागून झँथोफिल, मग क्लोरोफिल ए आणि सर्वांत खाली क्लोरोफिल बी. ए आणि बी यांत फरक एका गटाचा: ए मध्ये मिथिल, बी मध्ये त्याच जागी जास्त ध्रुवीय ॲल्डिहाइड. तेवढ्यानेही बी मागे पडते. हाच अर्क शुद्ध ॲसिटोनमध्ये चालवला तर सगळे जवळपास एकत्रच वर जातात.

एवढे करूनही दोन रंग एकमेकांवरच बसले, तर पट्टीऐवजी चौकोनी कागद घ्या आणि एका कोपऱ्यात ठिपका द्या. एका द्रावकात चालवून वाळवा, मग कागद ९० अंशांत फिरवून वेगळ्या ध्रुवीयतेच्या द्रावकात उभा करा. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी अमिनो आम्लांसाठी हीच युक्ती वापरली होती. अमिनो आम्ले रंगहीन असतात, त्यामुळे शेवटी कागदावर निनहायड्रिन हे त्यांना रंग आणणारे रसायन फवारून गरम करावे लागते. शाईला ती खटपट नाही.