पॉवरलिफ्टिंग आणि शरीरसौष्ठव एकाच हंगामात: या चुका टाळा

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) यांत जास्तीत जास्त वजन उचलायचं असतं, शरीरसौष्ठवात स्टेजवर स्नायू दाखवायचे असतात. दोन्ही खेळांत उतरणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तारखांच्या चुकीने होतं. वर्षातले आठ-नऊ महिने या दोन तयाऱ्या एकमेकींना पोसतात. ताकद वाढली की स्नायू वाढतो आणि स्नायू वाढला की ताकदीला जागा मिळते. फ्रँको कोलंबू १९७६ आणि १९८१ साली मिस्टर ऑलिम्पिया झाला आणि त्याच माणसाने डेडलिफ्टला सुमारे ३४० किलो उचलले. त्यामुळे दोन्ही जमत नाही हे म्हणणं खोटं आहे. भांडण होतं ते शेवटच्या तीन-चार महिन्यांत. एका खेळाला पोटभर खाल्लेलं, भरलेलं शरीर लागतं, दुसऱ्याला सुकवलेलं. पुढच्या बहुतेक चुका हे भांडण वेळीच न ओळखल्याने होतात.

क्रम उलटा लावणं

मीट (पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा) आधी, शो (शरीरसौष्ठवाची) नंतर. हा क्रम सहसा मोडू नका. शो करून तीन आठवड्यांत प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्याचे सांधे कोरडे, झोप बिघडलेली आणि स्नायू रिकामे असतात. अशा वेळी एका रेपचं, म्हणजे एकदाच उचलता येईल असं, कमाल वजन उचलणं म्हणजे कंबर आणि खांद्याची दुखापत ओढवून घेणं. आपल्याकडे बहुतेक ‘श्री’ स्पर्धा हिवाळ्यापासून मार्चपर्यंत रंगतात. म्हणून मीट दिवाळीच्या आगेमागे धरावी आणि तिथून कटिंग, म्हणजे चरबी उतरवणं, सुरू करावं.

आकडे मांडून बघा. समजा, मीट ८३ किलो गटात खेळलात आणि स्टेजवर ७५ किलो गटात उभं राहायचंय. आठ किलो उतरवायचे, हाताशी १४ आठवडे. आठवड्याला साधारण ५७० ग्रॅम, म्हणजे शरीरवजनाच्या ०.७ टक्के. हा वेग निभतो. हेच आठ किलो सात आठवड्यांत काढायला गेलात तर वेग दुप्पट होतो आणि चरबीबरोबर मांड्या, खांदे आणि बेंचची ताकदही जाते. तारखा जवळजवळ आल्या असतील तर एक स्पर्धा सोडा. अर्धवट सुकलेलं शरीर दोन्हीकडे मागे पडतं.

वजनगटासाठी पाणी तोडणं

शरीरसौष्ठवात दुपारी वजन देऊन रात्री स्टेजवर जायची सवय असते, आणि तोच हिशेब पॉवरलिफ्टिंगला लावला जातो. आयपीएफ या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत वजन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि दीड तास चालतं. क्रम सोडतीने ठरतो. तुमचा नंबर शेवटी लागला तर पहिल्या स्क्वॉट फ्लाइटच्या (एकत्र खेळणाऱ्या गटाच्या) आधी हातात जेमतेम अर्धा तास उरतो, आणि त्यातच वॉर्मअप करायचा असतो. तीन-चार किलो पाणी काढलेलं शरीर तेवढ्यात भरून येत नाही. स्क्वॉट डगमगतो, आणि डेडलिफ्टपर्यंत पायात गोळे यायला लागतात.

शेवटच्या दोन दिवसांत पालेभाज्या, डाळी, कोंड्याचं अन्न कमी करून भात, अंडी, दही यांवर राहिलात तर आतड्यातलं वजन उतरतं आणि किलोभर सहज सुटतं. त्याहून जास्त काढावं लागत असेल तर वरच्या गटात खेळा.

प्लॅटफॉर्मवर जिमच्या सवयी

शरीरसौष्ठवातून आलेला, दिसायला दणकट माणूस बहुतेक वेळा बेंचवर फसतो. छातीला टेकवून उसळी मारायची सवय, आणि इथे बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय पंच ‘प्रेस’ म्हणत नाहीत. ‘स्टार्ट’, ‘प्रेस’, ‘रॅक’ हे तिन्ही आदेश पाळायचे. २०२३ पासून आयपीएफमध्ये कोपराच्या सांध्याची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा तिच्याखाली उतरावी लागते, त्यामुळे उंच कमान आणि अगदी रुंद पकड घेणाऱ्यांनी बाजूने व्हिडिओ काढून हे तपासावं. मीटच्या आधीचे आठ आठवडे निदान एका दिवसाचं बेंच पूर्ण थांबा घेऊन करा. बहुतेकांचा आकडा पाच ते दहा किलोंनी घसरतो, आणि मीटसाठी तोच आकडा खरा.

डेडलिफ्टला स्ट्रॅप (मनगटापासून बारला गुंडाळायचे पट्टे) चालत नाहीत. वर्षभर स्ट्रॅपवर ओढणाऱ्याची पाठ २२० किलोची असते आणि पकड १८० ची. मीटच्या तीन महिने आधीपासून जड सेट उघड्या हाताने, चॉक लावून करा. रो आणि पुलडाऊन या पाठीच्या व्यायामांना स्ट्रॅप राहू द्या, तिथे पाठ थकवायची असते.

ओपनर, म्हणजे पहिल्या अटेम्प्टचं वजन, जड लावणं ही त्याच घमेंडीची दुसरी बाजू. एका लिफ्टचे तिन्ही अटेम्प्ट गेले की टोटलच (तिन्ही लिफ्टची बेरीज) राहत नाही. स्क्वॉटचा उच्चांक १८० असेल तर १६२.५ ने उघडा, मग १७२.५, आणि तिसऱ्याला १८० किंवा १८२.५. पुढचा आकडा द्यायला एकच मिनिट मिळतो, म्हणून तिसऱ्याचे दोन पर्याय कागदावर आधीच लिहून मदतनिसाकडे द्या.

कटिंगमध्ये वजन हलकं, रेप्स जास्त

ही चूक व्यायामशाळांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे: डाएट सुरू झालं की बारवरची प्लेट उतरवायची आणि वीस-वीस रेप्स मारायचे, म्हणजे ‘कट्स’ (स्नायूंच्या ठळक रेषा) येतात. कट्स चरबी उतरल्याने येतात आणि चरबी ताटातून उतरते. कमी अन्नात स्नायू टिकवून धरायचं कारण शरीराला मुख्यतः जड वजन देतं. ते काढून घेतलंत की स्नायूही जायला लागतो.

कमी करायचे ते सेट. १८० चा स्क्वॉट असलेल्याने कटिंगमध्ये आठवड्यातून एकदा १४५ ते १५० किलोवर तीन रेप्सचा एक सेट ठेवावा, मग १२० वर सहा ते आठ रेप्सचे दोन. पूर्वी पाच-सहा सेट असतील तर आता तीन. जमिनीवरून जड डेडलिफ्ट दहा-बारा दिवसांतून एकदा पुरे, मधल्या काळात रोमानियन डेडलिफ्ट (बार जमिनीवर न टेकवता). कमरेचा हिशेब आठवड्याचा ठेवा: स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि वाकून मारलेला बारबेल रो असे तिन्ही चालू ठेवले तर कंबर कुठल्याच दिवशी सावरत नाही. रो छाती टेकवून करा.

ताकद घसरतेय म्हणून घाबरण्याआधी कुठली घसरतेय ते बघा. बेंच सगळ्यात आधी पडतं: छाती-पाठीची चरबी गेली की बारला खाली जास्त अंतर जावं लागतं आणि वरच्या पाठीखालचा आधारही पातळ होतो. नंतर स्क्वॉट. बेल्ट दोन भोकं आत गेला की खाली बसल्यावर पोट-मांड्यांचा जो आधार मिळायचा तो उरत नाही. डेडलिफ्ट मात्र बराच काळ टिकतो, पोट कमी झाल्याने काहींना सुरुवातीची स्थिती घेणं उलट सोपं जातं. त्यामुळे बेंच पाच टक्के पडलं तर चालू द्या. पण डेडलिफ्टही दोन आठवडे सलग पडत असेल, तर खाणं फार तुटलं आहे किंवा झोप सहा तासांच्या खाली गेली आहे. अशा वेळी कार्डिओ वाढवायचा नाही. रोज ५० ग्रॅम कोरडा तांदूळ वाढवायचा आणि आठवडाभर थांबायचं.

वजन अडलं की पहिला संशय स्वयंपाकघरावर

कच्चं आणि शिजलेलं यातला घोळ सर्रास होतो. १०० ग्रॅम कच्चं चिकन शिजून ७० ते ७५ ग्रॅम भरतं, १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच-तीनशे ग्रॅम. तक्ता कच्च्याचा आणि काट्यावर शिजलेलं, असं झालं की सगळा हिशेब चुकतो. दुसरा चोर फोडणीत असतो: एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि घरची भाजी अशा तीन चमच्यांत सहज होते. आपली भाजी वेगळी, मोजलेल्या तेलात करून घ्या.

प्रथिनं शरीरवजनाच्या किलोमागे दोन ते सव्वादोन ग्रॅम धरा. शाकाहारींनी सगळा भार पनीरवर टाकू नये, त्यात प्रथिनांइतकंच फॅट येतं; सोयाबीन वडी आणि व्हे (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) कटिंगला जास्त सोयीचे. क्रिएटिन ३ ते ५ ग्रॅम शेवटपर्यंत चालू ठेवा. ते पाणी स्नायूच्या आत धरतं, कातडीखाली नाही.

स्टेजकडे उशिरा वळणं

पॉवरलिफ्टर स्टेजवर ओळखू येतो तो बाहेर आलेल्या पोटावरून. चरबी नसतानाही पोट बाहेर, कारण वर्षानुवर्षं श्वास कोंडून पोट बेल्टवर ढकलायची सवय लागलेली. लिफ्टसाठी ती बरोबरच आहे. स्टेजवर मात्र सहज उभं असतानाही पोट आत धरावं लागतं. शोच्या आठ आठवडे आधीपासून रोज १५-२० मिनिटं पोझिंग करा. सातही अनिवार्य पोझ प्रत्येकी २० सेकंद धरा, चेहरा शांत ठेवून. मांडीत गोळा येतोय तो घरी येऊ दे.

लिफ्टरच्या शरीरात खांद्याची बाजू, पोटऱ्या आणि मांडीचा बाहेरचा फुगीर भाग हमखास मागे असतो. लो-बार स्क्वॉट (बार पाठीवर थोडा खाली ठेवून) कंबर-नितंबाला जास्त काम देतो, म्हणून मीट संपल्या दिवसापासून हाय-बार किंवा हॅक स्क्वॉटवर या.

आणि नडग्या! डेडलिफ्टने सोललेल्या नडगीवर खपली असते, आणि टॅन (स्टेजसाठी अंगाला लावायचा गडद रंग) त्या खपलीवर काळा डाग होऊन बसतो. स्टेजच्या दिव्यांत तो लांबून दिसतो. शेवटचे दोन-तीन आठवडे जमिनीवरून डेडलिफ्ट बंद. उलट दिशेनेही हे लक्षात ठेवा: पॉवरलिफ्टिंगमध्ये अंगावर तेल किंवा कुठलंही वंगण लावायला सक्त मनाई आहे.

शेवटचा आठवडा

पाणी आणि मीठ तोडलं की माणूस सुकतो, या समजुतीने कितीतरी चांगली शरीरं स्टेजवर चपटी पडतात. स्नायूतला एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पाणीच नसेल तर भात खाऊनही स्नायू भरत नाही आणि मीठ नसेल तर पंप (व्यायामाने स्नायूत येणारा फुगवटा) येत नाही. पाणी रोजच्यासारखं, मीठ रोजचं, आणि शोच्या आधीचे दीड-दोन दिवस शरीरवजनाच्या किलोमागे रोज सहा-सात ग्रॅम कार्ब्ज: भात, बटाटा, रताळं. वजनगटाची मर्यादा जवळ असेल तर यातलं बरंचसं वजन देऊन झाल्यावर. हा प्रयोग तीन आठवडे आधी एकदा करून बघा.

लघवीच्या गोळ्या घेऊ नका, कुणीही दिल्या तरी. पोटॅशियम बिघडून हृदयाचा ठोका थांबू शकतो, आणि फ्युरोसेमाइडसारखी औषधं वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंदी असलेली आहेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये नाडाने (भारतातल्या अशाच संस्थेने) नमुना मागितला तर ‘मी शोसाठी घेतली होती’ हे उत्तर चालत नाही.

मैदानावरचे शो लांबतात. वजन दुपारी, गट रात्री अकराला. डब्यात कोरडा भात, केळी, गुळाची चिक्की ठेवा, दर दोन तासांनी थोडं खा, आणि पंप आपला गट पुकारण्याच्या २० मिनिटं आधी सुरू करा.

शोनंतरचे चार आठवडे

आठवडाभरात चार-पाच किलो परत येतात, घोट्यांवर सूज दिसते आणि जिममध्ये अचानक ताकद आल्यासारखं वाटतं. स्नायू भरलेला असतो. कंडरा मात्र तीन-चार महिन्यांच्या उपासातून नुकत्याच बाहेर आलेल्या असतात. चार आठवडे ८० टक्क्यांच्या वर जाऊ नका, पाच रेप्सचे सेट ठेवा, खाणं दर आठवड्याला २०० ते ३०० कॅलरींनी वाढवा. पुढची मीट शोपासून निदान १६ आठवड्यांवरची निवडा.