दूधसागरला निघताय? खान्देशातून जाताना काय काय घ्यायचं

दिवाळीनंतर गोव्यातला दूधसागर धबधबा करायचा म्हणून भुसावळ-जळगावकडची बरीच मंडळी विचारताय की सोबत काय घ्यायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. आपली सगळी सवय कोरड्या मुलखाची आहे, जळगावला वर्षभरात जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिकडे घाटात तीन हजाराच्या वर, त्यामुळे तयारी उन्हाची नाही तर ओलाव्याची करायची, एवढं डोक्यात ठेवा.

आधी तारीख पक्की करा. भर पावसाळ्यात धबधबा सगळ्यात मोठा असतो हे खरंय, पण तेव्हा वाटेतले ओढे फुगलेले असतात म्हणून धबधब्याकडे नेणाऱ्या जीप बंद असतात, आणि रेल्वेरुळावरून चालत जायला बंदी आहे, रील बघून पोरं तो नाद करतात पण दंड तर होतोच आणि गाडी आली तर त्या घाटात बाजूला व्हायला जागा सापडत नाही. जीप साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ३१० मीटरवरून टप्प्याटप्प्याने पडणारं पाणी भरपूर असतं. मे महिन्यात धार बारीक होते, एवढ्या लांबून तेव्हा जाऊ नये असं मला तरी वाटतं.

आपल्यासाठी सोपी गोष्ट म्हणजे गोवा एक्सप्रेस, भुसावळला बसायचं आणि थेट गोव्यातल्या कुळे स्टेशनला उतरायचं, जीप तिथूनच निघतात. फक्त गाडी रात्री घाट उतरते म्हणून जाताना खिडकीतून काही दिसणार नाही, येतानाची गाडी दुपारनंतर चढते, तेव्हा मागून जादा इंजिनं लावलेली असतात आणि गाडी हळू चालते, म्हणून खिडकीची सीट परतीच्या तिकिटात बघा. टाइमटेबल निघायच्या आधी पुन्हा चेक करा. जीपचं बुकिंग आधी करा, शनिवार-रविवार टाळा, सगळ्यांची ओळखपत्रं आणि थोडी रोख जवळ ठेवा, जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

आता कपडे. आपला मुलूख कापसाचा आणि आपल्याला सुती शिवाय काही सुचत नाही, पण तिथे सुती बनियन, जीन्स, जाड टॉवेल एकदा भिजला की दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि मांड्या सोलून निघतात. पटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, पातळ पंचा, मोज्यांचे दोन-तीन जोड आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पकड असलेले बूट किंवा पट्ट्याचे सँडल, कारण शेवटचं अंतर पायी आहे आणि दगडांवर शेवाळ असतं, साधी चप्पल घालून आलेला माणूस तिथे दोन्ही हातांनी दगड धरत चालतो. कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या जाड पिशवीत वेगळा बांधून ठेवा, मोबाइललाही झिपची पिशवी. पंचेचाळीस डिग्री सोसणाऱ्यांनाही तिथे त्रास होतो कारण घाम वाळत नाही, म्हणून ओआरएस घ्याच.

जळवांना बायामाणसं फार घाबरतात, पण घाबरण्यासारखं काही नाही. पावसात आणि पावसानंतर लगेच ओल्या पाल्यात त्या असतात, काडीएवढी बारीक जळू पानाच्या टोकावर उभी राहून डोलत असते आणि माणसाची चाहूल लागली की चिकटते. दुखत अजिबात नाही, रक्त दिसलं की कळतं. ओढून काढू नका, नख चामडीला लावून तोंडाकडून सरकवा, मग रक्त थोडा वेळ वाहत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. पँट मोज्यात खोचा आणि मिठाची पुडी खिशात असू द्या.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासापुरती न्या, भाकरी त्या हवेत लवकर बुरसते. केळीचे वेफर्स फोडले की लगेच मऊ पडतात. धबधब्याजवळ माकडं हातातली पिशवी हिसकतात, तिथे खाणं बाहेर काढूच नका, त्यांना प्रेमाने केळं देऊ पण नका, त्याने त्यांची सवय बिघडते आणि पुढच्या माणसाला चावा बसतो. हे भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे, गवे, शेकरू, धनेश पक्षी यांचं घर आहे, म्हणून स्पीकर घरी ठेवा आणि रिकामी पाकिटं परत आणा. जीपच्या वाटेवर शांत बसलं तर धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, आपल्या सातपुड्याच्या सागवानात असं दाट, बाराही महिने हिरवं जंगल नाही, ते डोळे भरून बघा.

घरात कंबर किंवा मणक्याचा त्रास असलेलं कोणी असेल, गरोदर कोणी असेल तर त्यांना जीपमध्ये बसवू नका, रस्ता नाहीच, ओढ्यातून आणि दगडांवरून पाऊण तास हाडं हलतात. त्यांच्यासोबत कोणी तरी मोले गावात थांबा आणि तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दाखवा, तिथपर्यंत चांगली सडक आहे. बाकीच्यांनी डोहात उतरताना लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, मग नदीत पोहायची कितीही सवय असो, वरून पडणाऱ्या पाण्याची ओढ वेगळी असते, आणि गार्ड नाही म्हणाला की पाण्यात उतरायचं नाही.