फुटपाथवर राहणाऱ्या पोराचं शाळेत नाव कसं घालायचं

पत्ता नाही, जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवतात ना, तसं करता येतच नाही. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या पोराला कागदासाठी अडवता येत नाही, वर्ष मधेच चालू असलं तरी. सरळ जवळच्या मनपा किंवा झेडपी शाळेत जा, वयासाठी अंगणवाडीचं रजिस्टर नाहीतर आईबापाने लिहून दिलेलं चालतं, आधार नसलं तरी चालतं, आधीच्या शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) मागनं येऊ दे. आणि ९ वर्षांच्या पोराला पहिलीत बसवू देऊ नका प्लीज, लाजून सोडून देतात पोरं, वयाप्रमाणे चौथी आणि जादा शिकवणी मागा, हक्क आहे तो. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या, झेरॉक्सवर शिक्का घ्या आणि मनपाच्या शिक्षण विभागात नाहीतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार टाका.