येळवसच्या सणाला घरी जायचं की मॉक द्यायचा?

अकरावीच्या दिवाळीनंतर लातूरला जेईईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला परतताना मी निलंग्याच्या स्टँडजवळ एक दोनशे पानी वही घेतली. घेतली होती फिजिक्ससाठी. त्याच आठवड्यात टेस्टमध्ये सपाटून मार खाल्ला, आणि रागाच्या भरात मी शेवटच्या पानावर लिहायला लागले की मी दिवसभर नक्की करते तरी काय. रविवारी सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत टेबलाशी होते. जेवणखाण, कपडे धुणं सोडून तेरा तास. त्यात पेन चाललं सव्वापाच तास.

बाकीचे तास मोबाईलने खाल्ले म्हणावं तर माझ्याकडे बटणांचा फोन होता. ते गेले सोडवलेलं गणित परत वाचण्यात, रंगीत पेनांनी नवं टाइमटेबल आखण्यात, बॅकलॉगच्या यादीकडे बघत बसण्यात, आणि घरी फोन केला नाही म्हणून वाईट वाटून घेण्यात. अभ्यास नाही, आराम नाही, घर नाही. हा वेळ पकडणं हीच माझी सगळी युक्ती आहे. आता मी नागपूरला व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकते. कॉम्प्युटर हवं होतं, मिळालं नाही, तेही सांगून टाकते. लातूरच्या ट्यूशन एरियात नव्याने खोली घेतलेल्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी हे लिहितेय.

पहिलं काम वहीचं. एक आठवडाभर, जास्त नको. तीन रकाने आखा: क्लास, पेन, इतर. डीपीपी (क्लासचा रोजचा सराव प्रश्नसंच) सोडवताना पेन कागदावर चालू असेल तेवढाच वेळ दुसऱ्या रकान्यात. झोप, जेवण, गप्पा बिनधास्त तिसऱ्यात लिहा. दिवसाच्या शेवटी जे तास कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, ते मोजा. माझे रोजचे तीन-साडेतीन निघाले. रविवारी त्याच्या दुपटीहून जास्त. झोपेतून तास काढण्याआधी हे काढा. मी अकरा ते सहा झोपायचे आणि बारावीच्या शेवटापर्यंत त्यात काटछाट केली नाही. रूमपार्टनर दोनपर्यंत जागायची. तिचा दिवा माझ्या डोळ्यावर यायचा म्हणून मध्ये ओढणी बांधली, भांडण केलं नाही.

दुसरं काम, आणि इथे बहुतेक जण उलटं करतात. अभ्यास लिहून उरलेल्या जागेत घर, मैत्रिणी, सण बसवायला जातात. जागा उरतच नाही. मी कालनिर्णयवर आधी घरच्या गोष्टी लिहिल्या आणि त्याच पानावर परीक्षा. दोन वेगळी कॅलेंडरं ठेवू नका. एकाच पानावर असलं की कुठे टक्कर होणार ते तीन महिने आधी दिसतं.

टक्कर झालीच. २०२४ ची येळवस आली ११ जानेवारीला आणि जेईई मेनचा इंजिनिअरिंगचा पेपर सुरू होणार होता २७ जानेवारीपासून. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्वारीत आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' म्हणत फिरायचं. माझ्या आज्जीच्या हिशेबात दिवाळी चुकली तर चालेल, येळवस नाही. क्लासमधले सर म्हणाले, "सोळा दिवस राहिलेत, बघ बाई तुझं तू." त्या दिवशी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, होता.

मी गेले. कशी गेले ते महत्त्वाचं आहे. तो मॉक सरांकडून मागून १० तारखेला खोलीवर घड्याळ लावून दिला, तीन तास पूर्ण. रात्री चुका तपासून बॅग भरली, त्यात पुस्तक एकही टाकलं नाही. सकाळची पहिली एसटी, संध्याकाळी परत. अंगाला कडब्याचा वास घेऊन खोलीवर आले आणि दहालाच झोपले. १२ तारखेला पेनचे नऊ तास झाले. तेवढे आधी कधीच झाले नव्हते.

याच्या उलट आदल्या मे महिन्यात केलं होतं. मामेबहिणीचं लग्न, चार दिवस, आणि बरोबर अख्खी ऑरगॅनिकची बॅग. हळदीला मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले. बाहेर हलगी वाजतेय आणि मी एकच रिअॅक्शन चाळीस मिनिटं बघतेय. फोटोत मी नाही, वहीत पानही नाही. बहीण अजून टोमणा मारते. तेव्हा जायचं तर मोकळ्या हाताने जा, नाहीतर स्पष्ट नाही म्हणा. कुठे नाही म्हणायचं? मी घरच्यांबरोबर बसून यादी केली: सख्ख्या नात्यातलं लग्न, येळवस, दिवाळीचे तीन दिवस आणि कुणाचं आजारपण. बाकी बारशी, वास्तुशांती, जावळं यांना बाबा एकटे गेले आणि "पोरगी बारावीला आहे" म्हणाले. बारावी या शब्दाला महाराष्ट्रात कोणी उलट विचारत नाही, त्याचा फायदा घ्या.

फोनचा नियम वेगळा. आमच्या क्लासचा मार्कांचा मेसेज दर रविवारी रात्री थेट बाबांना जायचा. मग सोमवारचा फोन म्हणजे चौकशी आयोग. "केमिस्ट्रीत कशानं कमी पडले?" यावर मी काय सांगणार? दोनदा मी फोन उचललाच नाही, आणि आईने खोलीमालकिणीला फोन लावला. त्यानंतर ठरलं: मार्कांवर बोलायचं ते महिन्यातून एकदा, बाबा लातूरला येतील तेव्हा, टेस्टचे कागद समोर घेऊन. रोज पावणेनऊला, मेसहून परतताना, दहा मिनिटं घराला. त्यात म्हैस व्याली का, बोअरला पाणी आहे का, एवढंच. आज्जी दर वेळी "काय करलालीस गं?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधीच स्वतःचं सुरू करायची. त्या दहा मिनिटांत कुणाला माझं पर्सेंटाइल नको होतं.

आता परीक्षांचं. आयुष्याला वेळ हवा असेल तर फॉर्म कमी भरा, हे कोणी सांगत नाही. मी बारावीच्या नोव्हेंबरमध्ये आयआयटीच्या परीक्षेचा, म्हणजे अॅडव्हान्स्डचा नाद सोडला. वर्षभराच्या टेस्टमध्ये मेनच्या पातळीचे प्रश्न सुटत होते, अॅडव्हान्स्डचे नाही. ते सोडल्यावर आठवड्याला आठ-दहा तास मोकळे झाले. रडले त्या दिवशी, पण आयआयटी म्हणजेच इंजिनिअरिंग असं नसतं. एनआयटी, म्हणजे केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं, मेनवर मिळतात आणि त्यांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. व्हीएनआयटी मला त्यातूनच मिळालं. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि भर बारावीच्या अभ्यासक्रमावर, म्हणून तिची तयारी बोर्डाच्या तयारीतच होते. बोर्ड मात्र सोडू नका. एनआयटीसाठी सर्वसाधारण गटाला ७५ टक्क्यांची अट आहे (किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं), आणि त्यात भाषेचे मार्कही येतात. मी रविवार दुपार भाषांना दिली होती. खरं तर ती विश्रांतीच होती, धडे वाचायला मजा यायची.

जानेवारीत मेन, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये मेनचं दुसरं सत्र, मेमध्ये सीईटी. आमचं वर्ष असं गेलं. सलग पळायला कोणाच्या बापाला जमत नाही. प्रत्येक परीक्षेनंतर एक अख्खा दिवस सुट्टी आधीच कालनिर्णयवर लिहून टाका. मेनच्या दोन सत्रांपैकी चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे जानेवारी बिघडला तरी जग बुडत नाही.

मुलींसाठी एक. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मी मॉक टाळायचे, फक्त सोपी उजळणी. पण वर्षात दोन मॉक मुद्दाम त्याच दिवशी दिले, कारण परीक्षेची तारीख आपल्याला विचारून येत नाही. गोळी कधी घ्यायची, काय खायचं, ते त्यात कळलं.

क्लास निवडताना फी आणि बोर्डावरचे फोटो बघता, तसं हेही विचारा: आठवड्याची सुट्टी खरी असते का, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवता का? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको आणि दिवसाला पाच तासांहून जास्त क्लास नको असं स्पष्ट आहे. विचारल्यावर समोरचा हसला तर समजून घ्या.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, रोज संध्याकाळी रडू येतंय असं आठ-दहा दिवस चाललं तर वहीत रकाने आखू नका. घरी सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा. ती टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. माझ्या रूमपार्टनरने मध्यरात्री तिथे फोन केला होता आणि सकाळी तिचा भाऊ येऊन तिला आठवडाभर घरी घेऊन गेला. परत आली तेव्हा दिवा अकराला बंद व्हायचा.

आईबाबांनो, भेटायला येताना शेंगदाण्याची चटणी आणा, मेसची आमटी तिच्याशिवाय उतरत नाही. शेजारच्या पोराचं पर्सेंटाइल तेवढं गावातच ठेवून या.