१९२०च्या दशकातल्या अमेरिकेवर लिहिताना या चुका टाळा

परीक्षेच्या उत्तरांत हे दशक बहुधा ठरावीक ओळींत येतं: जॅझ, आखूड केसांच्या मुली, चोरटी दारू, शेअर बाजार आणि मग १९२९ची घसरण. यातलं काहीच खोटं नाही, पण एवढ्यावर थांबलं तर निम्मी अमेरिका बाहेर राहते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरभराट साऱ्या देशाची होती असं धरून चालणं. कारखानदारी तेजीत होतीच. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळे, ती दशकाच्या मध्यापर्यंत ३०० डॉलरच्या खाली आली. मोटारी आणि रेडिओ हप्त्यांवर घरोघर जाऊ लागले. शेतकऱ्याची मंदी मात्र १९२०-२१ मध्येच सुरू झाली होती. महायुद्धात युरोपला धान्य पुरवायचं म्हणून त्यानं कर्ज काढून जमीन आणि यंत्रं घेतली; युद्धानंतर मागणी ओसरली, भाव कोसळले, कर्ज डोक्यावर राहिलं. हे दुखणं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, तरी आपल्या उत्तरांतून नेमका हाच माणूस गळतो. दशक संपतानाही तिथल्या दहातल्या साधारण एकाच शेतघरात वीज होती.

दारूबंदीत पिणं हा गुन्हा होता, असंही सर्रास लिहिलं जातं. १८व्या घटनादुरुस्तीनं बंदी घातली ती दारू बनवणं, विकणं, तिची वाहतूक आणि आयात-निर्यात यांवर. बंदी १९२० ते १९३३ अशी टिकली.

१९२० मध्ये ‘सर्व स्त्रियांना मताधिकार मिळाला’ हे वाक्य तर खोडूनच टाका. १९व्या दुरुस्तीनं लिंगावरून मत नाकारता येणार नाही एवढं ठरवलं. दक्षिणेत मतदान कर आणि साक्षरता चाचण्यांनी असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना पुढेही अडवलं. त्यांच्यासाठी १९६५चा मताधिकार कायदा यावा लागला.

मला सर्वांत जास्त खटकते ती स्थलांतराबद्दलची गाळणूक. समाज मोकळा होत होता असं लिहायचं आणि १९२४चा कायदा सोडून द्यायचा, हे चालणार नाही. त्यानं प्रत्येक देशातून येणाऱ्या स्थलांतरितांचा वाटा १८९०च्या अमेरिकी जनगणनेत नोंदलेल्या, त्या देशात जन्मलेल्या लोकांच्या २ टक्के ठरवला. जुनी जनगणना मुद्दाम निवडली होती, कारण इटली आणि पूर्व युरोपातून मोठी लाट आली ती त्यानंतर. आशियाला तर दार जवळपास बंदच झालं. त्याआधी, १९२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मूळचे भारतीय असलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाच्या कायद्यानुसार ‘गोरे’ मानायला नकार देऊन नागरिकत्व नाकारलं होतं. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्याही नागरिकत्वावर मग सरकारनं दावा लावला. पंडित तो लढले आणि जिंकले. भारतीय विद्यार्थ्यानं या दशकावर लिहावं आणि ही दोन नावं येऊ नयेत, याचं वाईट वाटतं.

टेनेसीतला १९२५चा स्कोप्स खटला विज्ञानाचा विजय म्हणून लिहू नका. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल शिक्षक जॉन स्कोप्स दोषी ठरला, १०० डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयानं तो निकाल १९२७ मध्ये फिरवला, पण तांत्रिक कारणावरून. उत्क्रांतिवाद शिकवायला बंदी घालणारा मूळ कायदा १९६७ पर्यंत लागू होता.